हिरव्या लुगड्याची घडी

काशीबाई : तांबडा. लिही तुझ्या वहीत. लुगडा तांबडा होता.

लिलियन : तांबडं? पण काशीकाकी, सगळा गाव हिरवं म्हणतो. हेडमास्तर तर उद्या भाषणात ‘हिरव्या लुगड्याची वीरांगना’ म्हणणार आहेत.

काशीबाई : मास्तर तेव्हा खंय होतो? तळेऱ्याक चड्डी सांभाळीत फिरत होतो. तू माका विचारलंस, मी सांगतंय तां लिही.

लिलियन : मी खरं म्हणजे हौसाकाकींना विचारायला आले होते.

काशीबाई : ती गेली पाण्याक. येतली. तोपर्यंत तिची थोरली जाव आसा मा हय? तीस वर्सा एका चुलीर काढलंव आमी. तिचा माका म्हायत नाय असा काय आसा?

लिलियन : तसं नाही हो. पण शाळेतल्या बत्तीस पोरांसाठी मी कार्बन लावून हे चित्र काढलंय. बघा ना. एकोणीसशे तीस सालचं आपल्या शिरोड्याचं मिठागर, सत्याग्रहाची माणसं, आणि मध्ये हौसाकाकी. ही त्यांची वर उचललेली मूठ, मिठाची. आज दुपारी मुलं रंगवतील, उद्या पंधरा ऑगस्टला भिंतीवर लावू. स्वराज्याला दहा वर्षं झाली ना.

काशीबाई : ही हौसा? ह्यां नाक हौसाचा नाय.

लिलियन : नाक मला जमत नाही.

काशीबाई : म्हणजे नाक कोणाचाय चलता, आणि लुगड्याचो रंग तेवढो खरो होयो?

लिलियन : इतिहास शिकवायचा म्हणजे निदान रंग तरी खरा हवा, काकी.

काशीबाई : रंग पुरे तरी आसत तुझ्याकडे?

लिलियन : माझा भाऊ प्लासिद बोटीवर असतो, त्याने रंगीत पेन्सिलींची पेटी आणली. हिरवी तेवढी पेराएवढी उरलीय. मागच्या आठवड्यात मुलांना ‘आपला गाव’ काढा म्हटलं, तर सगळ्यांनी नुसते माड रंगवले.

काशीबाई : बघ! देवानच सांगल्यासारख्या झाला. हिरवी झेंड्याक ठेव, लुगडा तांबडा कर.

लिलियन : उद्या हौसाकाकींना हेडमास्तरांच्या शेजारी खुर्ची देणार आहोत. नारळ देऊन सत्कार. तुम्हीपण या.

काशीबाई : माका खुर्ची?

लिलियन : बाकं मांडलीत. पहिल्याच रांगेत...

काशीबाई : बाकार बसान, नारळ कोणाक दितत तां बघूक? नारळ माझ्या परड्यात पडतत.

(हौसाबाई पाण्याची कळशी घेऊन येते.)

हौसाबाई : कोण, लिलियन बाय? वयनी, चाय तरी दिलंस काय गो तिका?

काशीबाई : चाय नाय, इतिहास दितंय.

लिलियन : हौसाकाकी, बरं झालं आलात. त्या दिवशी मिठागरात तुम्ही कुठल्या रंगाचं लुगडं नेसला होता?

हौसाबाई : हिरवा. काठ तांबडे.

काशीबाई : काठ तांबडे! मगे मी काय खोटा सांगलंय?

हौसाबाई : वयनी, सत्तावीस वर्सा झाली. अजून तांच?

काशीबाई : अजून तांच. बाय, लिहितंस मा? मगे सगळा लिही. तां लुगडा हिचा नाय. माझा. माझ्या घोवान मुंबयसून धाडलेला. आमच्यात नव्या लुगड्याची घडी आपण मोडूची नाय, घरातल्या दुसऱ्या बाईक दिवची. ती नेसता, देवळात पाया पडान येता, आणि लुगडा परत दिता. म्हणान हिका दिलंय. म्हटलंय, माउलीच्या देवळात जा नि ये. तर ही गेली सत्याग्रहाक!

हौसाबाई : वयनी, मी मुद्दाम...

काशीबाई : घडी मोडूक दिलंय, नाव नेवूक नाय! आणि बाय, सत्याग्रहाक जावचा आधी कोणी ठरवलेला? मी. दुसऱ्या दिवशी, सासूक न सांगता, तांच लुगडा नेसान. म्हणान तर घडी मोडूची घाय. आणि सांजेक ही इली डोक्याक फडको बांधून. मागे लोक, ‘हिरव्या लुगड्याची इली, हिरव्या लुगड्याची इली!’ मी पडवेत उभी. माझ्याकडे कोणी बघूक पण नाय.

लिलियन : मग दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात?

काशीबाई : खयचा! एका घरात एक फुटका डोका बस झाला, म्हणाली सासू. दाराक कडी घातल्यान.

हौसाबाई : बाय, ती वही मिट वायच.

लिलियन : का हो?

हौसाबाई : मिट, मगे सांगतंय. वयनी, तू पण आयक. मी मीठ उचलूक गेलंयच नाय.

काशीबाई : काय?

हौसाबाई : माउलीकडसून परत येत होतंय. रस्त्यार ही माणसा. बघूया तरी म्हणान मागसून गेलंय, मिठागराच्या बांधार उभी रवलंय. ढकलाढकल झाली, पदर सुटलो, तो पडलो खाली मिठात. कोरो पदर! माका तुझा तोंड दिसला. म्हटलंय, वयनी आज माका जिती ठेवची नाय. वाकलंय नि मुठीन पदर वर ओढलंय. पदराबरोबर मीठ इला. पोलिसान बघल्यान तां मुठीतला मीठ. घातल्यान काठी.

लिलियन : देवा सायबा! म्हणजे ही वर उचललेली मूठ...

हौसाबाई : पदर भिजाक नये म्हणान.

लिलियन : आणि इतकी वर्षं तुम्ही कुणालाच बोलला नाहीत?

हौसाबाई : सांगूक गेलंय तेव्हाच. आयकता कोण? डोक्यातसून रगत येत होता, लोक ‘जय’ म्हणत होते. मगे रवला तां रवला.

काशीबाई : सत्तावीस वर्सा माझ्या हातचा जेवलंस. माका तरी सांगूचा होता.

हौसाबाई : तू गावभर केलंस असतंस.

काशीबाई : केलंय असतंय.

लिलियन : पण मी आता काय करू? बत्तीस मुठी काढून झाल्यात माझ्या.

काशीबाई : हौसा, टाके किती पडलेले गो?

हौसाबाई : सात.

काशीबाई : माझो पदर सांभाळताना.

हौसाबाई : आणि तरी फाटलोच तो. तू लुगडा टाकलंस मा तेव्हाच?

काशीबाई : टाकतंय कित्याक? चार पाण्यातसून काढलंय, फाटला थंय शिवलंय. पेटयेत आसा.

हौसाबाई : आसा? मगे नेसलंस नाय तां कधी?

काशीबाई : नेसान भायर पडलंय असतंय तर लोक काय म्हणतले? काशी हौसाचा लुगडा नेसली. माझा लुगडा, आणि हौसाचा!

लिलियन : काकी, घंटा होईल आता. मुलं कागद घेऊन बसली असतील. वहीत काय लिहू?

काशीबाई : मूठ असांदे. मूठ वर गेली तां खरा, तिच्यात मीठ होता तां खरा, डोका फुटला तां खरा. पोरांका आणखी काय होया?

लिलियन : आणि लुगडं?

काशीबाई : हिरवा.

लिलियन : पेन्सिल पुरायची नाही.

काशीबाई : काठ जाड काढ, तांबडे. झेंड्याक शेवग्याचो पालो चोळूक सांग पोरांका. बरो रंग येता.

लिलियन : उद्या याल ना तुम्ही? बाकाचं म्हटलं म्हणून रागावू नका.

काशीबाई : येतलंय. हौसाक खुर्चेर बसव, नारळ दी. मी बाकार बसतंय. तां लुगडा नेसान.

हौसाबाई : वयनी! मगे सगळी पोरां तुझ्याकडेच बघतली.

काशीबाई : बघांदेत. घडी मोडलेली आसा.

हौसाबाई : पदर सांभाळ तर. शाळेपुढे चिखल आसा.