आरूची तूर आन् आबाचा मूग

हसायचं असंल तर हसा बायांनो, मला काही हसू आलं न्हाई. आमचे मालक वारले तव्हा भेटायला आलेल्या लोकांनी घर भरलं होतं. तेवढ्यात माझी नात आरू मधोमध हात जोडून उभी राहिली आन् एबीसीडी म्हणाय लागली. तीन वर्षांचं लेकरू. पाहुणे आले की सून तिला म्हणून दाखवायला लावती, तिला वाटलं हेबी पाहुणेच. मधीच अडली, तशी आईच्या तोंडाकडं बघून रडाय लागली.

लोकं गेल्यावर मी सुनंला सरळ बोलले, "आता लेकराला कुणासमोर उभं करायचं न्हाई."

"अवो आत्याबाई, लातुरात राहून शिकवलं न्हाई तर मागं पडंल ती."

"तुझा सासराबी शिकवतच होता की. त्याच्याजवळ कधी रडली का?"

खरंच हाय ते. मालक डाळ निवडाया बसले की तुरीला मुद्दाम मूग म्हणायचे. आरू हसून लोळायची, "येडा हायस का आबा, ही तूर हाय." असं करत पोरीला समद्या डाळी आल्या, समदे रंग आले.

मग मीच सूप घेतलं, तिला जवळ बसवलं. तुरीची डाळ उचलून म्हणलं, "हा मूग ना गं?"

ती हसली न्हाई.

"आजी, तुला येतंय," ती म्हणली. "आबाला खरंच येत नव्हतं. आता तिथं त्याला कोण शिकवंल?"