बंद गळ्याचे बावीस पोशाख

दोन मिनिटं म्हणे! माझ्याआधी जे बोलून गेले, त्यांनी सरांच्या आवाजाला झऱ्यापासून समुद्रापर्यंत सगळं पाणी लावलं, पाऊण तास गेला, तेव्हा कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. मी माईकपाशी पोचते न पोचते तोच वहिनींनी दोन बोटं वर केली. वहिनी, मी शिवणकाम करणारी बाई. दोन बोटं म्हणजे माझ्याकडे शिवणीत सोडायची माया. तेवढ्यात अख्खं झबलंसुद्धा बसत नाही.

असो. रीत आहे ती पाळते. आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, शाळेचे मुख्याध्यापक साहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले गाण्याचे सर. त्यांच्या शेजारी फुलांच्या कुंडीआड थोड्या लपलेल्या प्रमुख पाहुण्या, घशाच्या डॉक्टरीणबाई. सरांच्या पत्नी आणि क्लासची तिजोरी जिवापाड जपणाऱ्या आपल्या वहिनी. पंख्याखालच्या खुर्च्या धरून बसलेले पालक. आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुलींनो, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मला बोलायला का बोलावलं हे आधी सांगते. सर पंचवीस वर्षांचा हा क्लास बंद करून काचेच्या मोठ्या इमारतीत अकादमी काढतायत. तिच्या माहितीपत्रकात एक सामान्य पालक हवा होता. वहिनींनी यादीवर बोट फिरवलं आणि ते माझ्यावर थांबलं. भाषणही छापूनच दिलं, गुळगुळीत कागदावर. त्यात मी म्हणणार होते की सरांच्या सहवासात आमच्या कन्येचा कंठ कमळासारखा उमलला. मी चौथी पास. कंठ कमळासारखा उमलतो म्हणजे नक्की काय होतं ते मला ठाऊक नाही. तो कागद मी खुर्चीवर ठेवून आलेय. ज्यांना हवा असेल त्यांनी वाचावा, छपाई चांगली आहे.

आता चूक माझी. ती मी माझ्या पदरात घेते, म्हणजे उगाच कुणी म्हणायला नको की बाई दुसऱ्यांनाच बोल लावते. मुलगी बारा वर्षांची होती. घरात भांडी घासताना गायची आणि खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन थांबायची. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, हिला चांगल्या ठिकाणी घाल. स्वस्तातल्या शिक्षकाकडे घालशील तर गळा वाया जाईल." मी विचारलं, चांगलं ठिकाण कसं ओळखायचं? तर म्हणाल्या, "जिथे जागा मिळत नाही ते चांगलं."

झालं. इथे आलो. वहिनी म्हणाल्या, जागा नाही. जाऊबाईंनी मला कोपर मारलं, बघ! वहिनींनी वही उघडली, मिटली, परत उघडली आणि वर्षाची फी एकदम भरली तर एक जागा निघू शकेल म्हणाल्या. मी आत डोकावले तेव्हा नऊ खुर्च्या रिकाम्या होत्या. डोळ्यांनी पाहिल्या हो! पण भिंतीवर फोटो होते ना. सर आणि मोठे गायक, सर आणि मोठ्या गायिका. भारावून गेले मी. पुढे जवळजवळ तीन वर्षांनी पोशाखांची मापं घ्यायला आले तेव्हा ते फोटो जवळून पाहिले. एकात सर मोठ्या गायकाच्या मागे पाण्याची बाटली धरून उभे आहेत. दुसऱ्यात त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे आणि हाताचा मालक कापलेला आहे. सर, रागावू नका. बाटली धरणं हेही काम आहे. पण त्याची फी आमच्याकडून का?

फीचं सांगते, म्हणजे नव्या पालकांना कळेल. आधी 'कंठप्रवेश'. मग 'कंठविकास'. मग 'कंठवैभव'. मधेच एक 'श्वाससाधना' निघाली, तिचे वेगळे. मी वहिनींना विचारलं, "अहो, श्वास तर ती आधीपासून घेतेय." वहिनी म्हणाल्या, "तो साधा श्वास, ताई." मी भरले. जाऊबाईंनी तर कौतुक केलं. आमच्या धंद्यात असली बाई असते, काचेचं कपाट आणि पुतळे ठेवते, अस्तराचे वेगळे, हुकांचे वेगळे, घडी घालायचेही वेगळे घेते, आणि ब्लाउज काखेत काचतो. अशा बाईला मी रस्ता ओलांडून नावं ठेवते. आणि स्वतः काय केलं?

बरं, शिकवणं कसं? सरांच्या कीबोर्डवर एका पट्टीवर नखाच्या रंगाचा लाल ठिपका आहे. सगळ्यांनी तिथूनच सुरू करायचं. आठ वर्षांची चिमुरडी असो की निवृत्त ट्रकचालक आजोबा, ठिपका एकच. कारण सरांचा आवाज तिथे खुलतो. खुलतो, मी नाही म्हणत नाही. मुली गात असल्या तरी सर त्यांच्यावरून गातात, आणि आपण बाहेर बाकावर बसून म्हणतो, वा, काय तयारी झालीय मुलींची!

मला हे कसं कळलं? गाण्यातलं मला काही कळत नाही. मला मापातलं कळतं.

गेल्या वर्षी वार्षिक कार्यक्रमासाठी सरांनी बावीस मुलींचे पोशाख ठरवले, बंद गळ्याचे, मागे हुक. शिलाई माझ्याकडे, आणि मोबदला म्हणून मुलीच्या नावापुढे 'गुणी' असा शेरा. प्रत्येकीचा गळा स्वतः मोजला, वर बोटभर ढील ठेवली. रंगीत तालमीला मुली उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या कडव्याला पहिला हुक उडाला. मग दुसरा. तालीम संपेतो नऊ! वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ताई, शिलाई जरा कच्चीच आहे हो तुमची." बावीस वर्षं मशीन चालवतेय, माझा हुक कधी उडाला नव्हता. घरी आणून सगळे उसवले, अर्धा इंच वाढवले. दुसऱ्या दिवशी सात उडाले.

मग माझं डोकं फिरलं. घरी मुलीला समोर उभं केलं, गळ्याभोवती टेप धरली आणि म्हटलं, गा, क्लासमध्ये गातेस तसं. ती टाचा उचलून, हनुवटी वर करून गायला लागली आणि टेप माझ्या बोटांत आवळली. शिरा दोरीसारख्या वर आल्या. म्हटलं, थांब. आता भांडी घासताना गातेस तसं गा. ती हसली. गायली. टेप जागची हलली नाही हो! केसभरसुद्धा नाही.

मुख्याध्यापक साहेब, तुम्ही मान हलवताय. तुम्हाला कळलं. मलाही कळलं. दुसऱ्या दिवशी टेप घेऊनच सरांकडे आले. म्हटलं, "सर, हिचा आवाज खालचा आहे. हिला जरा खालून गाऊ द्या ना." सर हसले. चार पालक बसले होते, त्यांच्याकडे बघत म्हणाले, "ताई, तुम्ही कात्री सांभाळा, गळे आम्ही सांभाळतो." सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू? मग सरांनी निदान केलं की मुलीचा कंठ आळशी आहे. त्यावर 'कंठशुद्धी' नावाचा खास वर्ग, फी तिप्पट. त्यात करायचं काय? त्याच ठिपक्यावर, तेच, रोज दोन तास.

मी भरली फी. ऐकताय ना? टेप हातात असताना भरली. चार माणसांत अडाणी ठरायचं नव्हतं मला. याच्यापेक्षा मोठी चूक मी कपड्यात कधी केली नाही.

पाचव्या आठवड्यात मुलगी सकाळी उठली आणि आई म्हणायला गेली. नुसता वारा आला.

डॉक्टरीणबाई, पुढचं तुम्ही सांगता का? नाही? "बोला तुम्ही," म्हणतायत. बोलते. त्यांनी घशात नळी घालून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गाते का? कोणाकडे?" मी नाव सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं. सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं सांगितलं.

सहा आठवडे आमच्या घरात मशीनचा आवाज तेवढा होता. मुलगी माझ्या मापांच्या वहीत लिहायची. ती भराभर लिहिणार, मी एकेक अक्षर लावत वाचणार. साधं भांडण करायचं तर अर्धा तास लागायचा, आणि वाचून होईपर्यंत राग निघून जायचा. एक दिवस तिने लिहिलं, "आई, सरांना काही बोलू नकोस. मला पत्र लागणार आहे."

ते पत्र काय ते सांगते. संगीताची सरकारी शाळा आहे, तिथे फी नावापुरती आणि शिक्षक नावाजलेले. प्रवेशाच्या अर्जाला आधीच्या शिक्षकाचं पत्र जोडावं लागतं, की हिने माझ्याकडे निदान दोन वर्षं शिक्षण घेतलं. बस, एवढंच. मुलगी सोळाची होतेय, पुढच्या वर्षी वय बसत नाही.

आवाज परत आला. कुणामुळे ते सांगायला हवं. पोस्टाच्या खिडकीत बसणाऱ्या बाई आहेत, पूर्वी गायच्या, आता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तीन मुलांना शिकवतात. यावेळी मी जाऊबाईंना विचारलं नाही. आधी त्यांच्याकडून बाहेर पडणाऱ्या पोराला जिन्यात गाठलं आणि म्हटलं, गा बघू. गायला बिचारा, आणि गाऊन झाल्यावर घसा न खाकरता माझ्याशी गप्पा मारत उभा राहिला. हुशार गिऱ्हाईक शिंपिणीचं कपाट बघत नाही, तिच्याकडचं शिवलेलं घालून जाणारी बाई बघतं, हात वर करून दाखव म्हणतं. मग आत गेले. पोस्टातल्या बाईंनी मुलीला गायलाच सांगितलं नाही. आधी गप्पा मारल्या, हसवलं, आणि ती हसली त्या सुरावर पेटीवर बोट ठेवलं. "हिची जागा इथे आहे," म्हणाल्या. ठिपक्याच्या तीन पट्ट्या खाली. मी विचारलं, किती दिवसांत तयार होईल? तर म्हणाल्या, "ते मला आज कसं कळणार?" सर, हाच प्रश्न मी तुम्हाला विचारला तेव्हा मुलीने तोंडही उघडलं नव्हतं, आणि तुम्ही अठरा महिने म्हणून सांगितलं होतं!

फी महिन्याच्या शेवटी. मी आगाऊ देऊ केली तर म्हणाल्या, "आधी गळा नीट होतोय का बघू." आणि त्यांनीच सांगितलं, माझ्याकडे काही महिन्यांपुरतंच आहे, पुढे हिला त्या शाळेत जाऊ दे. पालकहो, तुमच्या लेकराला आपल्याकडून पुढे पाठवायची भाषा ज्याच्या तोंडात नाही, त्याच्याकडे वर्षाचे पैसे एकदम भरू नका. आणि एकदा तरी आत बसून ऐका. बसू देत नसतील तर उठून या. बाकावरून काही कळत नाही, मी तीन वर्षं बसलेय.

आता पत्र. तीनदा मागितलं. पहिल्यांदा वहिनी म्हणाल्या, 'कंठशुद्धी' अर्धवट राहिली, पूर्ण करा, मग बघू. दुसऱ्यांदा सर गडबडीत होते. तिसऱ्यांदा सरांनीच कागद पुढे केला, यावर सही करा आणि पत्र घेऊन जा म्हणाले. मी तिथेच खुर्ची ओढून एकेक अक्षर लावून वाचला. त्यात होतं, मुलीचा घसा थंड पाणी पिऊन आणि घरच्या निष्काळजीपणामुळे बसला. माझ्या निष्काळजीपणामुळे! घरी येऊन मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "कर ना सही, आई. काय फरक पडतो? दोघींनाच खरं माहीत असलं तरी चालेल." मुलगी माझी, शहाणी आहे, पण इथे चुकली. मागे भिंतीशी एकवीस मुली अजून उभ्या आहेत. त्यातल्या तिघींना मघाशी स्वागतगीतात मान वर ओढताना मी पाहिलं. मी तशी सही केली तर उद्या त्यांच्या आयांच्या पुढे सर तोच कागद ठेवतील.

वहिनी, आता दोन बोटांची पाच झाली, कळलं मला. आटोपते.

अध्यक्ष साहेबांनी मला मधेच थांबवलं नाही, त्यांचे आभार. डॉक्टरीणबाई फुलांआडून का होईना समोर आल्या, त्यांचे आभार. मांडव घालणारे, खुर्च्या लावणारे, माईक दोनदा बंद पडूनही चालू करणारे, त्यांचेही. सर, पंचवीस वर्षं हा क्लास चालवणं खायचं काम नाही. नवी जागा तुम्हाला लाभो. माझं शिक्षण कमी, त्यातून जीभ तिखट. कुणाचं मन दुखलं असेल, मानपानात कुणाचं नाव राहिलं असेल, तर पदरात घ्या.

राहिलं पत्राचं. अर्जाची मुदत शनिवारी दुपारी संपते. मला शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत उत्तर हवं, माझ्या दुकानात, तुमच्या हस्ताक्षरात. तीन ओळी पुरतील: मुलीचं नाव, तीन वर्षं, तुमची सही. द्यायचं नसेल तर नाही म्हणून लिहून द्या, तेही चालेल. त्या शाळेतल्या कारकुनाला मी विचारून आलेय. ते म्हणाले, शिक्षक पत्र देत नसतील तर त्यांचा लेखी नकार जोडा, आम्ही तोही घेतो. फक्त खाली कारण लिहिलेलं असायला हवं. काय लिहिताय सर, ते शुक्रवारपर्यंत ठरवा.