भाईदासचा प्रश्न

— नाही नाही ताई, तिथं नका बसू, ती हिमानीची खुर्ची आहे. मतलब, आता तिची. मागच्या दिवाळीपर्यंत माझीच होती, खिडकीजवळ, कूलरचा वारा सीधा अंगावर — जाऊ द्या. तुम्ही या इकडं, स्टुलावर बसा. दापोऱ्याहून आल्या ना, एवढ्या उन्हाच्या? इतवाऱ्यात स्कूटी लावायला जागा मिळाली का? खाली कापडवाल्याच्या ओट्यापुढं लावली तरी तो काही बोलत नाही, माझं नाव सांगायचं. हाव, मीच दत्तात्रय. सकाळी फोनवर बोललो तो मीच. बरं केलं स्वतः आल्या — काय म्हणता, फोनवरच सांगितलं असतं तर? अहो, फोनवर नसतं समजलं. समोरासमोर बसल्याशिवाय ही कामं होत नाहीत. आणि जरा मोठ्यानं बोललात तरी चालेल — त्या काचेमागं आमचे निरंजनशेठ बसलेत ना, त्यांनाही कळू द्या की माणसं अजून दत्तात्रयकडं येतात.

कळलं मला, कळलं. काट्यावर वजन दिसतं, पण कॉम्प्युटरवर येत नाही, पावती निघत नाही, केळी कापून पडलेली आणि ट्रक उभा. आम्ही याला भाईदासचा प्रश्न म्हणतो. कोण भाईदास? घ्या — भाईदास माहीत नाही तुम्हाला. याच हंगामात खरेदी केंद्र सुरू केलं ना तुम्ही, म्हणून. भाईदास म्हणजे आमचं हे वजन-पावतीचं सॉफ्टवेअर घेणारा पहिला माणूस, चौदा वर्षं झाली. त्याच्याकडं पहिल्यांदा असं झालं, आणि मी आख्खा दिवस त्याच्या काट्यापाशी बसून कारण शोधलं. मग मदतीच्या पानावर लिहून ठेवलं — वर 'भाईदासचा प्रश्न', खाली उत्तर. डोईफोडियाच्या धुरपदाबाईंचं नाव माल देणाऱ्यांच्या यादीत दोनदा यायचं, एक पावती इथं तर दुसरी तिथं — तो झाला 'धुरपदाबाईंचा प्रश्न'. ज्यानं पहिल्यांदा विचारलं, त्याचं नाव. असे एकशेबारा प्रश्न, एकाखाली एक, एकाच लांबलचक पानावर. फोन आला की मी म्हणायचो, धुरपदाबाई बघा, खाली या, अजून खाली या — आणि माणूस पोचायचा. आता नवीन माणसाला ही नावं कुठून कळणार? नाही कळायची. म्हणून तर तो फोन करायचा. दिवसाला चाळीस फोन, ताई. जेवायची फुरसत नाही. डबा भरलेला परत जायचा आणि बायको चिडायची, आणि खरं सांगू का, मला बरं वाटायचं.

मग ही हिमानी आली, इंदूरला शिकून. पोरगी वाईट नाही, मी कुठं म्हणतो वाईट आहे — पण आल्या आल्या म्हणे, काका, या पानावर लोकांना काही सापडत नाही. अगं, चौदा वर्षं सापडतंय की. तर म्हणे, तुम्ही शोधून देता म्हणून. बघा, बोलणं बघा. दोन महिने वही घेऊन काटेवाल्यांकडं जाऊन बसली — सकाळी आधी काय करता, मग काय करता, याला तुम्ही काय म्हणता. आणि माझ्या एका पानाची एकशेबारा पानं केली. डाव्या हाताला यादी, दिवसभराच्या कामाच्या क्रमानं — आधी काटा, मग पावती, मग गाडी भरणं. वर शोधायची चौकट. तिच्याखाली एक ओळ — तुम्ही आत्ता कुठं आहात, कुठून आलात, परत कसं जायचं. भाईदास गेला. धुरपदाबाई गेल्या. त्यांच्या जागी काय, तर 'वजन कॉम्प्युटरवर येत नाही'. उत्तर तेच, शब्द न् शब्द माझा. टाळ्या तिला. शेठनी पेढे वाटले आणि मला म्हणाले, दत्तूभाऊ, आता जरा आराम करा. गेल्या महिन्यात सहा फोन आले, त्यातले दोन घरचे. मी मधूनमधून रिसिव्हर उचलून बघायचो, लाइन चालू आहे ना. जळतो मी तिच्यावर, हाव, खोटं कशाला बोलू? दुपारी ती डबा उघडते आणि सगळे तिच्या टेबलाशी जमतात, तेसुद्धा बघवत नाही मला. शेठ म्हणाले, एक तारखेपासून हा फोन काढूनच टाकू. फोन काढल्यावर दत्तात्रयनं कुठं बसायचं, ते काही म्हणाले नाहीत.

पण आता बघा — गुरुवारपासून परत सुरू झालेत. आज मंगळवार, तुमचा धरून एकोणीस झाले. सगळ्यांचं एकच, भाईदास. मी मुद्दाम मोठ्यानं बोलतो — हिमानीच्या पानांवर नाही सापडलं का? काही हरकत नाही, मी आहे ना. शेठ काचेतून बघतात. काल म्हणालेसुद्धा, राहू द्या फोन, बघू पुढं. ती नाही सध्या, बहिणीच्या लग्नाला गेली आहे, उद्या येईल. येऊ दे. कळेल तिलाही.

काय? आठ दिवसांपूर्वी होतं ते पान? कोण म्हणतं — तुमचे मिस्टर? अहो, त्यांना नीट आठवत नसेल. यादीत पहिलंच होतं? उघडलं नव्हतं, पण नाव वाचलं होतं त्यांनी? — ताई, हळू. हळू बोला जरा, काच पातळ आहे. इकडं सरका. पुसलं नाही मी. पुसणं वेगळं. पान आहे, जसंच्या तसं आहे, फक्त यादीतून काढलं आणि आडबाजूला 'जुनी माहिती' म्हणून एक कोपरा आहे, तिथं नेऊन ठेवलं. हाव, शोधायच्या चौकटीतूनही काढलं. बुधवारी ती गेली, गुरुवारी सकाळी मी केलं. पासवर्ड चोरला नाही, तिनंच दिलेला — काका, तुम्हीही बघत जा, काही चुकलं तर सांगा, म्हणून. एकशेबारातलं एक पान, ताई. आणि ते माझंच होतं ना? भाईदास माझा, उत्तर माझं. तुमच्या ट्रकचं मला काय — सांगितलं होतं तुम्ही, हाव, सकाळीच सांगितलं होतं की केळी उन्हात पडली आहेत. तरी मी म्हणालो, या. शेठना एखादा माणूस डोळ्यांनी दिसायला हवा होता. किती वेळ झाला, दोन तास? ड्रायव्हर निघून जाईन म्हणतो? सांगतो, सांगतो, एक मिनिट.

पण मला एवढं सांगा — तुम्ही नवीन, भाईदास माहीत नाही, तरी अडल्यावर फोन कुणाला केला? दत्तात्रयला. का केला? नाव आहे म्हणून. दापोऱ्यात कुणीतरी दिला असेल नंबर, तिथं जुनी माणसं — नाही? मग कुठून मिळाला? पानावर? कुठल्या पानावर? मोबाइलवर दाखवा. एवढं खाली? मी कधी एवढं खाली गेलोच नाही, वरची यादी बघूनच माझं डोकं फिरायचं. थांबा, चष्मा लावू द्या. 'अजून अडलं असेल तर दत्तात्रयकाकांना फोन करा. ही सगळी उत्तरं त्यांचीच आहेत.' आणि नंबर. हे याच एका पानावर आहे? दुसरं उघडा बरं. त्यावरही. अजून एक उघडा. बाजूला तारीख दिसते का बघा — नाही, मला वाचता येते. तिनं ही पानं लावली त्या पहिल्या दिवसाची आहे.

मतलब, तुम्हाला माझ्याकडं तिनंच पाठवलं. एकोणीसच्या एकोणीस तिनंच पाठवले. आणि त्याच्या आधीचा आख्खा महिना नंबर तिथंच होता, प्रत्येक पानाखाली, माझ्या नावासकट, सगळ्यांना दिसत होता. चार जण सोडले तर कुणाला गरज पडली नाही.

लिहून नका घेऊ, लिहिण्यासारखं काही नाही. तुम्ही सकाळी आधी काटा चालू करता आणि मागून कॉम्प्युटर, बरोबर? भाईदासही तेच करायचा. दोन्ही बंद करायचे. आधी कॉम्प्युटर लावायचा, मागून काटा. बस, एवढंच आहे. मिस्टरांना इथूनच फोन करून सांगा. करा, करा. आलं वजन? आलं ना. मग ट्रक भरायला घ्या म्हणावं.

आभार नकोत, ताई. निघा तुम्ही, उशीर झालाय. जिन्याची तिसरी पायरी फुटकी आहे, सांभाळून उतरा. हाव, फोन वाजतोय, ऐकू येतंय मला. भाईदासच असेल. वाजू द्या, आधी ते पान यादीत परत लावतो. तुम्ही जा.