जोरीचा फॅदम

कॉर्नवॉलच्या बंदरावर, दोरखंडाच्या दुकानात, माझ्यापुढे मोर्वेना कोळीण उभी होती. जोरी दुकानदार हात पसरून दोर मोजत होता.

"जोरी, लबाडा! फॅदम म्हणजे दोन्ही हातांची पुरती वाव. तुझी कोपरं वाकलीत."

"मग ताणून दे की, बाई."

"देते. बोटाला बोट लाव. अजून पसर."

"मोर्वेना, नाकाला नाक लागलं."

"हलू नकोस, माप चुकेल."

"वर्षभर विचारतोय. करशील ना लग्न माझ्याशी?"

"करेन. आता मिट ते हात."

"तुझ्याभोवती?"

"मग काय खांबाभोवती?"

मागून कोळी ओरडले, "अरे, भरती ओसरायला लागली! आमचा दोर?"

"न्या रे, न्या! मोजू नका, हवा तेवढा न्या!"