दातांतली फट आणि मावशीचं दातवण

मी साखरखेर्ड्याची. आमचा भाजीचा मळा, वांगी, मेथी, कांदा, अन् कडेनं थोडी जवारी, बाजाराच्या दिवशी माय टोपलं घेऊन बसे अन् मी तिच्याजवळ. दुधाचे दात पडले अन् वरचे समोरचे दोन नवे आले ते असे का भांडून वेगळे निघालेले भाऊ, मधात जवारीचा दाणा बसावा एवढी फट. काय सांगू तुम्हाले, मले तिचं काही वाटत नव्हतं. त्या फटीतून मी अशी शिटी मारो का मचाणावरून गोफण न उचलता पाखरं उडत, अन् बाप म्हणे, हे पोरगी हाय तोवर मले राखणदार नको.

घोर लागला तो लगनाच्या वयात. बीबी गावाहून पाहुणे आले, त्यातल्या एका म्हातारीनं मले बोलतं केलं, हसवलं, अन् उठून म्हणाली, फटीच्या दाताची सून नको बाई, घरातलं बोलणं फटीतून बाहेर सांडते. मंग दुसरे आले, तेही गुळपाणी पिऊन गेले. माय भाकर थापता थापता म्हणे, काऊन व माय असे दात घेऊन आली तू.

माह्यी मावशी देऊळगाव राजाले दिलेली. कुणाचं काही अडलं का मावशी हजर, उपाय घेऊनच. ती म्हणाली, पोरीचे दात कोवळे हायेत, बांधले का सरकतील. रेशमाच्या दोऱ्याले मेण लावलं अन् दोन्ही दात मिळून असे आवळले का माह्या डोळ्यातून पाणी आलं. फट खरंच कमी होत गेली बरं. मावशी गल्लीभर सांगून राह्यली. मंग एक दिवस दोरा दिसेना, आम्हाले वाटलं तुटून पडला असन. हिरडी सुजली, दात लांब दिसाले लागले, भाकरीचा तुकडा तोडला का हालत. मावशी म्हणे, हालते म्हणजे सरकते, सरकू दे.

उरलेली फट सोन्यानं बुजवायची ठरली. तवा हौसेनं लोक दातात सोन्याची मेख बसवून घेत. मायनं गळ्यातल्या डोरल्याचा एक मणी काढला, अन् आम्ही तिघी देऊळगावच्या पेठेत एका म्हाताऱ्या सोनाराकडं गेलो. त्यानं हात धुतले, माह्या ओठ वर केला, बोटानं दात हालवून पाह्यला अन् मावशीले इचारलं, दोरा बांधला होता का? मावशी म्हणाली, हाव, पण तो पडला. सोनार म्हणाला, पडला नाही बाई, वर चढला, हिरडीत बसला हाय. बारीक कामाचा चिमटा त्यानं विस्तवात धरला, थंड होऊ दिला, अन् हिरडीतून तो काळा पडलेला दोरा ओढून काढला. रक्त आलं, पू आला, मी त्याच्या दुकानातच बोंबलली. तो मायले म्हणाला, मेख ठोकली तर दातच माह्या हातात येईन, हा मणी परत गळ्यात घाल, अन् पोरगी मिठाच्या पाण्यानं गुळण्या करन, समोरच्या दातानं काही तोडणार नाही. त्या माणसाचं नाव मी देवाच्या नावासंगं घेते. मणी घेऊन मेख ठोकली असती तर त्याले कोण इचारणार होतं?

दोरा निघाला तशी फट परत आली. अन् तेवढ्यात मावशीच्या ओळखीचे देऊळगावचेच पाहुणे पाहाले येणार म्हणून निरोप. मावशीचा डोळा लागेना. पाहुणे येण्याच्या सकाळी तिनं दातवणाच्या काळ्या भुकटीची डबी काढली अन् माह्ये दात काळे करून टाकले. काळ्यात काळी फट, कुणाले दिसते!

आता तुम्हाले ठावं हाय, दातवण लगन झालेली बाई लावते. पाहुणीबाईनं माह्यं तोंड पाह्यलं अन् मायले म्हणाली, हे काय, हिचं लगन झालेलं दिसते, आम्हाले पाटाची, दुसऱ्या लगनाची सून नाही पाह्यजे, माह्या पोराचं पहिलं लगन हाय. मायचं तोंड पांढरं, मावशी खांबामागं, बाप धोतराचा सोगा हातात घेऊन उभा. मंग मीच बोलली. म्हटलं, लगन नाही झालं, दातात फट हाय, मावशीनं झाकली.

ती बाई अशी हसली, अशी हसली का तिचे स्वतःचे काळे दात सारे दिसले. म्हणाली, राख घे, घास, अन् दाखव. मी घासले, अर्धे निघाले, अर्धे नाही. तिनं फट पाह्यली अन् म्हणाली, एवढंच? दातानं ऊस सोलता येते का? म्हटलं, आता नाही, दात हालून राह्यले, दिवाळी झाल्यावर या. मावशीनं मागून चिमटा घेतला. ती बाई म्हणाली, खरं बोलते पोरगी, येतो दिवाळीनंतर.

अन् आली. कांडं घेऊन आली. मी तिच्यासमोर सोललं, दाताले धक्का नाही.

लगनानंतर तिनं, म्हणजे माह्या सासूनंच, मले दातवण लावलं, हक्काचं. फट बुजली का झाकली, कोणी इचारलं नाही मंग.

आता माह्या पोरीलेही तशीच फट हाय. ती शाळा शिकली, दातवण नको म्हणते. अकोल्याले दाताचा डॉक्टर बसते, तारेनं हळूहळू दात जवळ आणते म्हणतात. मी म्हटलं, तुले पाह्यजे तर जा, नको तर शिटी मार. पण दोरा घेऊन कोणी आलं तर आधी माह्याशी गाठ. मावशीवर माह्या राग नाही, तिनं जीव लावूनच आवळलं होतं.

सोनार गेला, सासू गेली, दोघांचं भलं होवो. तुम्ही माह्यं बोलणं लिहून घेता, ते ठेवा आता. मळ्यातला ऊस हाय, बसा, सोलून देते. कोयता कायले, दात हायेत ना.