सर्टिफिकेट गेलं, गुरुवार मिळाला

...आणि वर तो तपासणीचा साहेब मला कार्ड दाखवतो! मला! चौतीस वर्षं कारखान्याचा बॉयलर चालवणाऱ्या माणसाला! एवढंसं पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर राखाडी चौकोन, फिकट तो एक नंबर, काळाकुट्ट तो पाच नंबर. हात लांब करायचा, कार्ड धुराड्यासमोर धरायचं, धूर कुठल्या चौकोनाशी जुळतो ते बघायचं. दोनच्या वर गेला की गुन्हा. हे म्हणे सरकारचं धोरण! मी चौथीत शाळा सोडली, पण तुम्हाला सांगतो, धूर मला कळतो.

आणि हे धोरण आलं कुठून? माझ्याच घरातून! आमची ही, म्हणजे बायको, चादर वाळत घालायची पांढरी आणि काढायची ठिपक्यांची. एक दिवस तिनं चादरी उचलल्या, गल्लीतल्या बारा बायका घेतल्या आणि थेट प्रदूषण खात्यात जाऊन मोठ्या साहेबाच्या टेबलावर पसरल्या. साहेब म्हणतो कसा, "बाई, तुम्ही चादरी घरात का वाळवत नाही?" झालं! तेव्हापासून दर सोमवारी ताज्या काजळीच्या चादरी, साहेबाला कप ठेवायला जागा नाही! दोन महिन्यांनी समिती बसली. बसली ती बसलीच. उठली तेव्हा नियम काढला, धुराडं वीस फूट उंच करा. केलं. धूर कमी झाला? कसला कमी होतोय! आमच्या गल्लीत पडत होताच, वर पुढच्या वस्तीतही पडायला लागला. मी आधीच सांगितलं असतं, पण मला विचारतो कोण? धूर मला कळतो, कागद त्यांना कळतो...

आता पुढची वस्ती निघाली साहेबलोकांची! त्यांच्या चादरी काळ्या झाल्या मात्र, पंधरा दिवसांत हे कार्ड आलं. आमच्या बायकांना दोन महिने, साहेबिणींना पंधरा दिवस. थू!

बरं, नियमात लिहिलं काय, धूर काळा निघाला तर बॉयलर चालवणाऱ्याचं सर्टिफिकेट रद्द. कोळसा आणणारा मालक, पण सर्टिफिकेट माझं! तपासणी दर मंगळवारी, अकरा वाजता. मॅनेजर गोड आवाजात म्हणतो, "काका, मंगळवारी चांगला कोळसा टाकायचा हं, बाकी दिवस आहेच आपली ओली भुकटी." आणि मी टाकला. हो, टाकला! लाज वाटते सांगायला. मंगळवारी धूर असा, की साहेब कार्ड धरून धूर शोधतोय!

पण बायको ती बायको. जेवताना विचारते, "अहो, मंगळवारचीच चादर पांढरी कशी हो?" मी म्हटलं, "भात वाढ." ती म्हणाली, "भात पानात तसाच आहे, कळलं मला."

झालं. पुढच्या गुरुवारी तपासणीच्या साहेबाला घेऊन ही फाटकात हजर, मागं बारा जणी! भट्टीत ओली भुकटी, धुराड्यातून भसाभस काळं... साहेबानं कार्ड धरलं, पण ऊन डोळ्यांवर, डोळे बारीक करून म्हणतो, "दोन असावा... की तीन?" मॅनेजर लगेच, "दोनच साहेब, दोनच! विचारा आमच्या काकांना!" साहेब माझ्याकडे वळला. मॅनेजर मागून दोन बोटं दाखवतोय, बायको फाटकातून बघतेय, आणि सर्टिफिकेट माझ्या डोक्यावर बॉयलरघराच्या भिंतीला, काचेत. दोन म्हणायचं, बस, एवढंच! तोंडाला काही अवघड नाही... पण अहो, धूर मला कळतो! आंधळ्यालाही दिसला असता तो!

म्हणालो, "चार."

साहेबानं खिळ्यावरून काढून नेलं सर्टिफिकेट. घरी ही रडवेली. "अहो, मला काय माहीत तुमचंच जाईल म्हणून! दोन सांगितला असता तर?"

"कमी कसा सांगू? चार होता."

आता सरकारनं धोरण आणखी कडक केलंय, पेपरात आलंय, चळवळीचा विजय म्हणे! तपासणी आता आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि गुरुवारी. आणि मालक? मालकही नियमाला धरून वागतो हो, गुरुवारीसुद्धा चांगला कोळसा टाकायला लागलाय.

तेव्हा चौतीस वर्षांच्या सर्टिफिकेटाच्या बदल्यात तुम्हाला हा एक गुरुवार आणून दिलाय. आज गुरुवारच आहे. श्वास घेऊन ठेवा.