दोन गाड्यांत एक बॅटरी

हवानातल्या पावाच्या दुकानासमोर "शेवटचं कोण?" असं विचारून ओदालिस दोन म्हाताऱ्यांच्या मागे उभी राहिली.

"एवेलियो, माझ्या पॅकार्डमध्ये बसलं की माणूस मंत्री वाटतो."

"दार दोरीनं बांधलेला मंत्री! माझी कॅडिलॅक निघाली की पोरी वळून बघतात, फ्लोरेन्सियो."

"बघणारच. ट्रॅक्टरचं इंजिन बसवलंयस, आवाज येतो ना!"

"बरं, संध्याकाळी बॅटरी घेऊन जा. उद्या तुझा दिवस."

"मंगळवार तुझा होता."

"मग?"

"लग्नाचं भाडं होतं तुझ्याकडे. माझ्या लेकीला कळा सुरू झाल्या आणि मी हाक मारायच्या आत तू बॅटरी काढून माझ्या गाडीत बसवलीस."

"नातू कसाय?"

"गुटगुटीत. ये, माझ्या पुढे उभा राहा."

"राहू दे रे."

"उभा राहा म्हणतो ना! पण एक सांग, तुझ्याच गाडीतून का नाही नेलीस तिला?"

"त्या हिसक्यांत? वाटेतच बाळंत झाली असती. तुझी कशी लोण्यासारखी जाते."

"काय म्हणालास? परत म्हण!"

"मेलो तरी नाही म्हणणार. मागे बाई ऐकतेय."

ओदालिस पटकन भिंतीकडे बघू लागली.